थांबण्याचा वाटा

उगाच थांबावं लागलं की वैजयंती गायधनीच्या कपाळाची डावी शीर उडायला लागे. बँकेत, दवाखान्यात, अक्षता पडायची वाट बघत लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही. म्हणून ती थांबतच नसे. दवाखान्यात ती डॉक्टरांच्याही आधी पोचे. लग्नाला गेली की मुहूर्ताआधी पंगतीची वेळ विचारून ठेवी. नाशिकच्या ज्या शाळेत ती पर्यवेक्षिका होती तिथलं वेळापत्रक ती असं बांधी की दोन तासांच्या मधे कुणाही शिक्षकाला बूड टेकून चहा पिता येऊ नये. शिक्षक तिच्या नावानं बोटं मोडत. पण सहल असो, स्नेहसंमेलन असो, अडलं की सगळे तिच्याकडेच धावत येत, आणि हे तिला मनापासून आवडे.

एकच माणूस तिच्याकडे कधी धावत आला नाही, तो म्हणजे तिची धाकटी बहीण हेमांगी.

हेमांगी कशाचाच बेत आखत नसे. उशिरा यायची, भलत्याच दारानं यायची, आणि तरी ती बसेल तिथे माणसं जमायची. घरच्या कार्यात सगळी पंगत वैजयंतीनं लावलेली असे. कोणाला गोड चालत नाही, कोणाला खाली बसवत नाही, सगळं तिच्या डोक्यात. आणि हात धुऊन झाले की हीच मंडळी उठून हेमांगीभोवती कोंडाळं करून बसत. लहानपणापासून हे असंच चालत आलं होतं, आणि लहानपणापासून वैजयंतीच्या पोटात दुखत होतं. ती ते कबूल करत नसे. "मला काय करायचंय?" असं म्हणे. ज्याला खरोखर काही करायचं नसतं तो असं म्हणतच नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुट्टीत हेमांगीचा फोन आला.

"ताई, 'गिरकी'ला जायचं का? आमच्या मुक्तानं डोकं खाल्लंय. पराग म्हणाला, सगळे मिळूनच जाऊ. भाऊजींनाही जरा बरं वाटेल."

"श्रीरंगला बरं न वाटायला काय झालंय?"

"काही नाही गं. सहज म्हटलं."

ते 'सहज' वैजयंतीला दोन दिवस टोचत राहिलं. श्रीरंगला बरं वाटेल! वीस वर्षं त्याच्याबरोबर संसार तिनं केला, मुलाला वाढवून शिकायला बाहेरगावी पाठवलं, आणि त्याला कशानं बरं वाटतं ते हेमानं सांगायचं. श्रीरंगचं चष्म्याचं दुकान होतं. एकेका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत हा माणूस तासभर काड्या वाकवत बसायचा, आणि गिऱ्हाईकही उठायचं नाव घेत नसे. असा नवरा घेऊन वेळेवर कुठेही पोचणं हे किती कष्टाचं काम आहे, ते हेमाला काय कळणार?

"जाऊ या," वैजयंती म्हणाली. "पण नीट ठरवून जायचं. उगाच रांगेत ताटकळत बसायला मी येणार नाही."

इगतपुरीपलीकडच्या पठारावर 'गिरकी' हे करमणुकीचं उद्यान उघडून वर्ष झालं होतं. तिथे जायचं म्हणजे नुसतं तिकीट काढून आत घुसायचं, असं नव्हतं. तिथे 'वाटाड्या' होता.

रांगांवर उपाय आधीही बरेच होऊन गेले होते. कुठल्या राईडला गर्दी कमी आहे ते फोनवर दिसायचं. मग तो फोन बघून सगळेच तिकडे पळायचे, आणि जी रांग छोटी म्हणून निवडली तीच बघता बघता वळणं घेत उपाहारगृहापर्यंत जायची. यात फोनचा काही दोष नव्हता. एखादा पाळणा तासाभरात जितक्या माणसांना झुलवू शकतो तितक्यांनाच झुलवतो. त्याहून जास्त माणसं आली की कुणी ना कुणी थांबणारच. थांबणं पुसून टाकता येत नाही. याच्या डोक्यावरचं उचलून फार तर त्याच्या डोक्यावर ठेवता येतं. 'वाटाड्या' बनवणाऱ्यांनी हे मुकाट्यानं मान्य केलं आणि कामाला लागले. त्या दिवशी येणाऱ्या हजारो माणसांचे मार्ग त्यांचं यंत्र एकदमच आखायचं, कुणाचा पाय कुणाच्या पायात येणार नाही असे. त्यासाठी आठवडाभर आधी घरी एक मनगटी पट्टा यायचा. तो नाडी मोजायचा, श्वास मोजायचा, कातडीवरचा बारीकसा घामही वाचायचा. तुम्ही कसे चालता, केव्हा भुकेजता, कशानं खुलता, सगळं त्याला कळायचं. दिवसाअखेर 'गिरकी'तून बाहेर पडणारा माणूस क्वचितच कुरकुरे, याचं वर्तमानपत्रांनी फार कौतुक केलं होतं. थांबणं नेमकं कुणाच्या डोक्यावर ठेवतात, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

वैजयंतीनं पट्ट्याचा तो आठवडा परीक्षेसारखा घेतला. सावकाश चालणाऱ्याला यंत्र मागे टाकत असणार, अशी तिची खात्री. म्हणून रोज संध्याकाळी ती श्रीरंगला गंगापूर रोडवर भराभर चालवायची. जेवताना ताटांच्या मधे 'गिरकी'चा नकाशा पसरलेला असे.

"आधी 'उलटापालट', मग लगेच 'धबाबा'. भिजलो की वाळत वाळत जेवायला. श्रीरंग, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग मी काय म्हणाले?"

"वाळत वाळत जेवायचं," श्रीरंग म्हणाला आणि आमटीची वाटी पुढे ओढली. ती वाटी ठेवली होती नेमकी 'पाताळविहिरी'वर, म्हणून वैजयंतीनं ती उचलून बाजूला केली.

जायच्या आदल्या दिवशी वाट्याला आलेला मार्ग फोनवर आला. तो वाचून वैजयंती खुर्चीतून उठलीच. प्रत्येक राईडपुढे एकच शब्द होता: थेट प्रवेश. कुठेही रांग नाही. तिनं तडक हेमांगीला फोन लावला.

"तुमचं काय आलं?"

"थांब हं, बघते. अगं बाई! आमच्या नशिबात नुसत्या रांगाच रांगा आहेत. 'धबाबा'ला तर तासाच्या वर."

वैजयंतीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "अरेरे! आमचं सगळं थेट आहे. तरी सांगत होते, पट्टा नीट घालत जा. तुम्ही काढून ठेवला असणार कुठेतरी."

"नाही गं, घातला होता. जाऊ दे ना, मी दाणे भाजून आणते. गप्पा तरी होतील."

वैजयंतीनं फोन ठेवला, पण तिला वाटला तेवढा आनंद काही झाला नाही. निदान 'तुझी बाई मजा आहे' एवढं तरी हेमानं म्हणायला हवं होतं. जिला दाखवायचं तिनं बघितलंच नाही, तर मिरवायचं कुणापुढे?

दुसऱ्या दिवशी 'गिरकी'त मात्र तिची मान ताठ होती. 'उलटापालट'शी पोचताच आडवा दांडा आपोआप वर झाला आणि दोघं थेट गाडीत जाऊन बसली. दांड्यापलीकडच्या रांगेतली माणसं बघतच राहिली. गाडी वर चढली, उलटी झाली, सुलटी झाली, आणि पोटातली आतडी जागेवर येण्याआधीच वैजयंती पुढच्या राईडकडे निघालीसुद्धा होती. मागून श्रीरंग चष्मा पुसत येत होता.

"कशी होती?" तिनं विचारलं.

"चांगली होती. जरा बसू या का?"

"बसायला वेळ कुठेय? पुढची लागलीये."

'पाताळविहिरी'कडे जाताना वाटेत 'धबाबा'ची रांग लागली. लोखंडी कठड्यांमधून ती इकडून तिकडे, तिकडून इकडे वळत होती, आणि ऐन मधल्या वळणात हेमांगी, तिचा नवरा पराग आणि अकरा वर्षांची लेक मुक्ता उभी होती. उभी कसली, मुक्ता कठड्यावर बसली होती आणि पराग दाण्यांची सालं फुंकत होता.

"काका! इकडे या!" मुक्तानं हाक मारली.

श्रीरंग थबकला. वैजयंतीनं त्याच्या कोपराला धरलं. "अरे, आपली वेळ जाईल."

"तू जाऊन ये ना. मी थांबतो यांच्याबरोबर." आणि ती काही बोलायच्या आत हा सावकाश माणूस, दुकानातून घरी यायला ज्याला तास लागायचा तो, कठड्याखालून चपळाईनं वाकून पलीकडे गेलाही.

'पाताळविहिरी'त दोघादोघांची बाकं होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेचा पट्टाही कर्मचाऱ्यानं नियमाप्रमाणे आवळून बांधला. बाक वर वर जाऊ लागलं. एवढ्या उंचीवरून पठाराच्या कडेपर्यंतचं सगळं दिसत होतं, पण वैजयंतीनं बघितलं ते फक्त 'धबाबा'च्या रांगेकडे. श्रीरंगचा निळा सदरा तिला लगेच सापडला. तो हसत होता. साधं हसणं नव्हे, परागच्या खांद्याला धरून, मान मागे टाकून. हेमांगीही पोट धरून वाकली होती. घरी श्रीरंग असा शेवटचा केव्हा हसला होता, ते वैजयंती आठवू लागली. काही आठवायच्या आतच बाक सुटलं आणि ती खोल विहिरीत कोसळली.

खाली आल्यावर कर्मचाऱ्यानं विचारलं, "भीती वाटली का, मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. तिची मान अजून 'धबाबा'च्या दिशेनं वळलेली होती.

आता इथे कुणी भलताच अर्थ काढू नये. श्रीरंगचं आणि हेमाचं काही असेल असला संशय वैजयंतीच्या मनाला शिवलाही नाही. तसा संशय असता तर एकवेळ बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. पण नवरा आपल्याला सोडून दुसऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, तोही आनंदानं, याची तक्रार कुणाकडे करायची? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उन्हात तासभर ताटकळणं त्याला आवडलं, आणि तिनं मिळवलेला बिनरांगेचा दिवस आवडला नाही!

मग तिला उपाय सुचला. हेमाची रांगच नाहीशी करायची. सगळे मिळून थेट प्रवेशानं भराभर फिरतील आणि श्रीरंगला तिथे उभं राहायला काही कारणच उरणार नाही. शिवाय हेमावर उपकारही होतील. तो उपकार हेमाला कसा सांगायचा, त्याची वाक्यंही जुळवत ती मदत कक्षात शिरली.

कक्षात 'वाटाड्या'चं काम बघणारी एक तरुण इंजिनिअर बसली होती. प्रणोती भालेराव, असं तिच्या खिशावर लिहिलेलं होतं. वैजयंतीनं आपलं म्हणणं ऐटीत सांगितलं: माझ्या बहिणीला आमच्यासारखाच मार्ग द्या, बिचारी सकाळपासून रांगेत आहे.

प्रणोतीनं दोन्ही मार्ग पडद्यावर काढले आणि मान हलवली. "नाही करता येणार, मॅडम. त्यांचा गट थांबणाऱ्यांतला आहे. असे गट आहेत म्हणून तर तुमच्यासारख्यांना थेट सोडता येतं."

"पण थांबणारे कोण आणि थेट कोण, हे ठरवतं कोण? आम्ही पैसे तेवढेच भरलेत."

"ठरवायचं काय त्यात? ज्यांना थांबणं जड जात नाही, त्यांना थांबवायचं." प्रणोतीला आपल्या यंत्राचा फार अभिमान होता आणि तो ऐकवायला आज एक श्रोता मिळाला होता. "बघा, घड्याळातली वीस मिनिटं सगळ्यांना सारखी, पण अंगावर येतात ती सारखी नसतात. माणूस कंटाळायला लागला की श्वास उथळ होतो, नाडीची लय बदलते, बोटांना बारीक घाम सुटतो. हे सगळं एकत्र करून आम्ही एक आकडा काढतो. कंटाळांक म्हणतो त्याला. आणि गंमत अशी, की हा आकडा माणसागणिक नाही बदलत, सोबतीगणिक बदलतो. तुम्ही कुणाशेजारी उभे आहात त्यावर असतं. काही माणसं शेजारी आली की दोघांचे श्वास हळूहळू एका लयीत पडतात आणि कंटाळांक चढतच नाही. तुमच्या बहिणीचे तिघं म्हणजे तर काय! आठवडाभरात चढलाच नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत उभं केलं तरी म्हणतील, काय छान दिवस गेला."

वैजयंती पडद्याकडे वाकली. "आणि आमचा?"

"तुमचा लगेच चढतो," प्रणोती सहज म्हणाली. "असे गट भराभर पुढे काढलेले बरे. त्यांच्या तक्रारी येत नाहीत मग."

बाहेर कुठल्यातरी राईडवरून एकदम किंकाळ्या आल्या आणि विरल्या. वैजयंतीनं टेबलाची कड धरली. म्हणजे रांग नसणं हे बक्षीस नव्हतं. ज्यांना एकमेकांशेजारी उभं करण्याची सोय नाही, त्यांना दिलेली ती वाट होती. आणि काल हे तिनं हेमाला फोन करून सांगितलं होतं!

"त्याला माझा एवढा कंटाळा येतो?" ती पुटपुटली. "दाखवा मला. माझ्या नवऱ्याचा आकडा किती आहे?"

"दुसऱ्याचा नाही दाखवता येत, मॅडम. तुमचा दाखवते." प्रणोतीनं पडदा तिच्याकडे वळवला. "हा तुमचा, यजमान शेजारी असतानाचा. जेवायला बसलात की इथे चढला, बघा. फिरायला गेलात, इथे चढला. हा मुलाशी फोनवर बोलतानाचा."

लाल रेघ जिथे तिथे जिन्यासारखी चढत होती. ती रेघ श्रीरंगची नव्हती. तिची स्वतःची होती.

वैजयंती बाहेर आली. पुढच्या थेट प्रवेशाची आठवण करायला पट्टा मनगटावर थरथरत होता. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती 'धबाबा'पाशी गेली आणि कठड्यापासून जरा लांब, तिकीटखिडकीच्या आडोशाला उभी राहून त्या चौघांकडे बघत राहिली.

ते काही विशेष करत नव्हते. मुक्ता श्रीरंगचा चष्मा घालून हेमाकडे बघत होती. पराग कागदाच्या पुडीतले उरलेले दाणे हुडकत होता. हेमा काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता वेणीतून सुटलेला मुक्ताचा केस कानामागे सारत होती. रांग पुढे सरकली तरी त्यांच्या लक्षात येत नव्हतं, मागचा माणूस सांगायचा तेव्हा ते हसत दोन पावलं सरकायचे. वैजयंतीला हेमाचा हेवा वाटला. आजवर तिनं त्या भावनेला शिस्त म्हटलं होतं, जबाबदारी म्हटलं होतं, 'मला काय करायचंय' म्हटलं होतं. आज मात्र तो सरळसरळ हेवा होता, डोळ्यांत पाणी आणणारा. हेमाकडचं माणसांचं कोंडाळं तिला नको होतं. हेमाला जसं उभं राहता येतं, तसं तिला उभं राहता यायला हवं होतं. आणि हे कुणाकडे मागून मिळण्यातलं नव्हतं.

त्यांची पाळी आली. श्रीरंगचा पट्टा त्या रांगेचा नव्हता, त्याला बाजूच्या दारानं बाहेर काढलं. हेमांगीनं आत जाता जाता ताईला पाहिलं आणि हात उंचावून ओरडली, "ताई, कुठे होतीस गं? आम्ही केव्हाची वाट बघतोय!" मग पाण्याचा लोट आला आणि ती त्यात दिसेनाशी झाली.

श्रीरंग समोर येऊन उभा राहिला. "कशी होती विहीर?"

वैजयंतीनं त्याचा हात धरला आणि त्याच्या मनगटावरचा पट्टा काढला, मग स्वतःचाही. दोन्ही पर्समध्ये टाकले आणि त्याला ओढतच ती बागेच्या दुसऱ्या टोकाला घेऊन निघाली. तिथे आकाशपाळणा होता. आयत्या वेळी आलेल्या, बिनपट्ट्याच्या लोकांची त्याला वेगळी रांग असायची. घोटी, इगतपुरीकडची कुटुंबं, डबे, पिशव्या, कडेवरची पोरं. 'गिरकी'तली सगळ्यांत लांब रांग तीच.

"अगं, आपला थेट प्रवेश?"

"जाऊ दे."

श्रीरंगनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप-बिप नाही ना?"

दोघं रांगेच्या शेपटाला उभी राहिली. वैजयंतीनं सवयीनं पुढची डोकी मोजायला सुरुवात केली, एका पाळण्यात किती बसतात ते बघितलं, आणि आपण काय करतोय हे कळून मान खाली घातली. बोलायला विषय सापडेना. नाडी उडते आहे, श्वास उथळ होतो आहे, हे आता तिचं तिलाच कळत होतं. वीस वर्षांचा नवरा शेजारी होता आणि घरातल्या गॅसची नळी बदलायची आहे यापलीकडे त्याला सांगण्यासारखं तिच्यापाशी काही नव्हतं.

शेवटी तिनं सगळं सांगून टाकलं. मदत कक्ष, कंटाळांक, लाल रेघ. "मला तुझा कंटाळा येतो, असं ते यंत्र म्हणतंय."

"मला माहितीये," श्रीरंग म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझा भात संपायच्या आधीच तू ताट उचलायला उभी असतेस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच तिला ते फार लागलं. "आणि तुला? तुला येतो का माझा कंटाळा? खरं सांग."

श्रीरंगनं कुठल्याही प्रश्नाला लावायचा तेवढा वेळ याही प्रश्नाला लावला. "कंटाळा नाही येत. पण तू शेजारी असलीस ना, की मला वाटतं, आपल्याला कुठेतरी पोचायला उशीर होतोय आणि तो माझ्यामुळे होतोय. कुठे पोचायचंय, ते मात्र कधी कळलं नाही."

"हेमाजवळ नाही वाटत तसं."

"नाही वाटत."

झालं. जे ऐकायला ती लहानपणापासून घाबरत होती, ते तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं. रांग थोडी सरकली आणि तीही सरकली. रडू यायला हवं होतं, पण त्याआधी तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"मघाशी एवढा कशावर हसत होतास? मी वरून पाहिलं."

"तुझ्यावर," श्रीरंग म्हणाला, आणि लगेच घाईनं, "म्हणजे तुझी वणीची गोष्ट सांगत होतो. मुक्तानं विचारलं, मावशी पहिल्यापासून अशीच का."

"वणीची?" वैजयंतीचा चेहरा लाल झाला. "ती तू हेमाला सांगितलीस? शपथ घातली होती मी तुला!"

लग्नानंतर आठवड्याभरात ती दोघं सप्तशृंगीच्या दर्शनाला निघाली होती आणि घाटात एसटी बंद पडली होती. नव्या नवरीनं पुढे होऊन सगळा कारभार हातात घेतला. येणाऱ्याजाणाऱ्या जीप थांबवल्या, आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे, असे नीट गट पाडून एकेक जीप भरून दिली. शेवटची जीप वळणाआड गेल्यावर तिच्या लक्षात आलं की सगळ्यांना बसवताना आपल्या दोघांना मोजायचंच राहिलं. ड्रायव्हर एसटीत झोपला होता, कंडक्टर मदत आणायला जीपमधून गेला होता. हसू होईल म्हणून तिनं ही गोष्ट माहेरी कुणाला कळू दिली नव्हती.

"शपथ फार जुनी झाली गं," श्रीरंग म्हणाला. "आणि मी अर्धीच सांगितली. जीप गेल्या, तू कपाळावर हात मारलास, इथपर्यंत. पुढचं काही सांगितलं नाही."

"पुढचं काय? पुढे आपण थांबलो. मग दुसरी गाडी आली."

"एवढंच आठवतंय तुला?"

वैजयंतीनं आठवून बघितलं. तिला आठवत होती ती गाडी, तिचा पांढरा रंग, आणि ती यायला लागलेला असह्य उशीर. मधलं काहीच नव्हतं. "तुला काय आठवतं?"

"सगळं."

"सांग ना."

श्रीरंगनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडात धरून बघितला आणि परत घातला. एरवी एवढ्यात वैजयंती दोनदा 'लवकर' म्हणाली असती.

"तू आधी रागावलीस," तो म्हणाला, "मग रडलीस. मी म्हटलं, रडतेस कशाला, मी आहे ना. तर म्हणालीस, 'तुम्ही आहात म्हणूनच रडते. तुम्हाला वाटेल, कसली धांदरट बायको मिळाली.' तेव्हा तू मला अहो म्हणायचीस."

"मी? अहो?"

"महिनाभर. मग आपण खाली ओढ्यापाशी गेलो. एक म्हातारी करवंदं विकून घरी चालली होती, तिच्या पाटीत तळाला चिरडलेली करवंदं उरली होती. ती सगळी तिनं तुझ्या ओटीत ओतली. तुझी नवी साडी डागळली आणि तू..."

"ते जांभळे डाग! ते करवंदांचे होते?"

"मग कशाचे? आणि मग तू मला विचारलंस..."

"काय विचारलं?"

"सांगतो ना. आधी आपण ओढ्यात पाय सोडून बसलो. एकेक करवंद खात राहिलो. आणि मग तू..."

"ओ ताई!" मागून एक बाई करवादली. तिच्या कडेवर पोर होतं आणि हातात दोन पिशव्या. "सरका ना पुढं! समोर सगळं मोकळं पडलंय, आणि तुमचं आपलं बोलणंच चाललंय!"

पुढे खरोखरच कुणी नव्हतं. दारातला कर्मचारी दोन बोटं दाखवून बोलावत होता, आणि रिकामा पाळणा दार उघडून उभा होता.

"तुम्ही जा हो पुढे," वैजयंती मागे न बघताच म्हणाली, आणि त्या बाईला वाट देण्यासाठी श्रीरंगच्या आणखी जवळ सरकली. "हं, मग?"